काकूंनी तोंड आवरलं, त्याची नोंद

काकू डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आल्या तेव्हा त्यांच्या लाँड्रीच्या दुकानातली घंटा टणाटण वाजत होती आणि वाजवणाऱ्या बाईच्या समोर चिटपाखरू नव्हतं. काकूंच्या डोळ्यांत थेंब घातलेले. सगळं जग जास्त नीळ पडलेल्या कपड्यासारखं दिसत होतं. पण काउंटर रिकामं आहे हे कळायला काकूंना डोळे लागत नव्हते.

"पाच मिनिटं झाली," ती बाई म्हणाली. "आत कोणीतरी आहे. त्या कोटांखाली दोन पाय दिसतायत."

पाय धाकटीचे होते. काकूंची धाकटी लेक, वय वर्षं अडतीस, कोटांच्या रांगेत घुसून उभी होती. अठरा वर्षं ती पडद्यामागे इस्त्री करत आली होती. तिच्या हातची घडी अशी, की माणसाने कोट घालायच्या आधी दोनदा विचार करावा. पण कोणी अनोळखी समोर आलं की तिची जीभ टाळूला चिकटायची, मान लाल व्हायची आणि ती जिथे जागा मिळेल तिथे लपायची. आजवर ते चालून गेलं, कारण काउंटरवर काकू होत्या. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन, आणि त्यानंतर सहा आठवडे वाफ नको, वाकणं नको, दुकानाचं तोंडही बघायचं नाही.

ही बातमी काकूंच्याही आधी मोठ्या जावयाकडे पोचली होती. त्याने फोनवर लगेच सुचवलं की आता दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने देऊन टाका, धाकटीच्याने काउंटर होणं नाही. काकूंनी फोन ठेवला तो असा, की पलीकडे त्याचा कान तासभर गरम राहिला असेल. पण वाईट याचं वाटलं की तो खोटं बोलत नव्हता.

तर घंटावाली. तिच्या हातात राखाडी कोट होता. काकूंनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि सवयीने वाचला. उजव्या बाहीला शाई, डाव्या कोपराला खडू, खिशात अर्धी बिस्किटं. शिकवणारी आहे, जेवणाचं भान नाही, घरी विचारणारं कोणी नाही. काकूंना कोट बघितला की माणूस कळायचा, आणि जे कळायचं ते चांगलं क्वचितच असायचं. तेही त्या मनात ठेवत नसत. गिऱ्हाइकाची पाठ वळली की पडद्याकडे तोंड करून मोठ्याने सांगायच्या. इस्त्री करता करता धाकटी ऐकायची.

ती बाई विद्यापीठातली निघाली. तिचं कामच म्हणे हे होतं, माणसांना माणसांची भीती का वाटते ते शोधायचं. कोटांखालचे पाय बघून तिला राग यायचा तर तिचे डोळे चमकले. तिने पर्समधून कागद काढले, मग आणखी कागद काढले. काकूंनी तिथल्या तिथे तिचं नाव कागदवाली ठेवलं. कागदवालीचं म्हणणं असं, की लाजरी माणसं समोरच्याच्या वागण्याचा वाईटच अर्थ लावतात. कोणी जांभई दिली, की माझाच कंटाळा आलाय. संगणकावर रोज थोडा वेळ दुसरा अर्थ लावायची सवय केली तर भीती कमी होते का, हे ती मोजत होती. ऐंशी माणसं हवी होती, एकोणऐंशी मिळाली होती.

"भीती मोजता?" काकूंनी विचारलं. "कशाने, टेपने?"

"प्रश्नांनी," कागदवाली म्हणाली. "आणि पाच मिनिटं बोलायला लावून."

धाकटीने कोटांच्या आतूनच हो म्हटलं. काकूंना आपल्या कानांवर विश्वास बसेना. अठरा वर्षांत तिने गिऱ्हाइकासमोर उच्चारलेला तो पहिला शब्द होता, मग भले तो ओव्हरकोटातून का येईना.

पहिल्या दिवशी विद्यापीठात नेऊन धाकटीला मोजलं. प्रश्नांच्या कागदावर तिची भीती एक्क्याण्णव भरली. मग एका खोलीत दोन माणसांसमोर उभं केलं आणि पाच मिनिटं काहीही बोला म्हणून सांगितलं. त्या दोघांना ताकीद होती, हसायचं नाही, मान हलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. धाकटी अकरा सेकंद बोलली. उरलेली चार मिनिटं एकोणपन्नास सेकंद ती आणि ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. त्यातल्या पुरुषालाच शेवटी घाम फुटला असं धाकटीने घरी येऊन सांगितलं. मग तिने दहा-बारा कागदांवर सह्या केल्या, कागदवालीने बरंच काही समजावलं. काकूंनी ते ऐकलं नाही. त्या खिडकीच्या पडद्यांना किती वर्षांत पाणी लागलं नसेल याचा हिशेब करत होत्या.

संगणक घरी मिळाला होता. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो उघडून बसायची आणि समोर काकू कपड्यांना लावायच्या नंबरांच्या चिठ्ठ्या लिहायच्या. आपल्या घरात येऊन कोणी काय विचारतंय हे कळायलाच हवं, म्हणून धाकटीने मोठ्याने वाचायचं असं काकूंनी ठरवून टाकलं. यंत्र एक प्रसंग सांगायचं, मग दोन अर्थ द्यायचं. एक निवडायचा. मग ते बरोबर किंवा चूक म्हणायचं.

पहिलाच प्रसंग असा होता की तुम्ही खोलीत शिरता आणि दोन बायका बोलायच्या थांबतात.

"तुझ्याबद्दलच बोलत होत्या," काकू चिठ्ठीवरून नजर न उचलता म्हणाल्या. धाकटीने तेच दाबलं. यंत्र म्हणालं, चूक, त्यांचं बोलणं संपलं होतं.

काकूंनी पेन खाली ठेवलं. बायकांचं बोलणं असं आपलं आपण संपतं हे त्यांनी त्रेसष्ट वर्षांत पाहिलं नव्हतं. पुढच्या प्रसंगात ओळखीच्या बाईला तुम्ही हात करता आणि ती न बघता निघून जाते. काकूंनी ताबडतोब सांगितलं, माज. यंत्र म्हणालं, बरोबर. तिला तुमच्याशी बोलायचं नव्हतं. काकू खूश झाल्या. म्हणजे यंत्र अगदीच ठोंब्या नव्हतं. एका बैठकीत चाळीस प्रसंग आणि त्यातले वीसेक वेळा यंत्र काकूंच्या बाजूने पडायचं. निम्मी अक्कल आहे, असं त्या झेरॉक्सवालीला सांगत सुटल्या. झेरॉक्सवाली म्हणजे शेजारच्या दुकानाची मालकीण. तिला पूर्ण अक्कल होती असं काकूंचं मत कधीच नव्हतं.

आठवडाभर असं चाललं. आठव्या दिवशी काकूंना रक्त तपासायला जावं लागलं आणि तिथल्या रांगेने त्यांचा जीव खाल्ला. घरी आल्या तर धाकटी टेबलाशी बसून होती. एरवी अर्ध्या तासात उरकणारी बैठक दोन तास झाले तरी बाराव्या प्रसंगावर अडली होती. बिघडलं का, असं काकूंनी विचारलं. नाही म्हणाली. मग झोप लागली का, तर तेही नाही.

"आई, तू नव्हतीस ना," धाकटी म्हणाली, "मग मला काय वाटतं तेच कळेना. वाट बघत बसले."

ती हे रागाने म्हणाली नाही. दूध संपलंय म्हणावं तसं म्हणाली. काकू हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

धुताना त्यांना शाळेतला कार्यक्रम आठवला. धाकटी नऊ वर्षांची. स्टेजवर कविता म्हणत होती, ठणठणीत आवाजात, हातवारे करून. चौथ्या ओळीला लोक हसले. घरी येताना पोरीने विचारलं, आई, का हसले? काकूंनी सांगितलं, तुझ्या फ्रॉकची शिवण उसवून लोंबत होती, त्याला हसले. शिवण उसवली होती ते खरं. साऱ्या गावाचे कपडे नीट करणाऱ्या बाईच्या पोरीची शिवण लोंबतेय, या विचाराने काकूंची स्वतःची कानशिलं तापली होती, म्हणून तोंडातून ते निघालं. लोक कशाला हसले हे काकूंना तेव्हाही ठाऊक नव्हतं. कविता गमतीची असेल. हे त्यांच्या डोक्यात आज आलं, एकोणतीस वर्षांनी, साबणाच्या हातांनी.

नळ बंद करताना त्यांनी ठरवून टाकलं. माणसांवर एक शब्द बोलायचा नाही. यंत्राच्या प्रसंगांवर नाही, गिऱ्हाइकांवर नाही, जावयावर नाही. कागदवालीच्या हिशेबाने दुसऱ्या मोजणीला एकवीस दिवस होते. तेवढे दिवस. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचं डोकं दुखायला लागलं. एक प्राध्यापक जाकीट घेऊन आले, पोटावर आमटीचा डाग. दरवेळी तिथेच. काकूंच्या ओठांवर आलं की ह्यांचं तोंड नेमकं आहे कुठे, आणि ते गिळताना ठसका लागला. त्याच संध्याकाळी त्यांनी बटणांच्या डब्यातून ओव्हरकोटाचं एक मोठं काळं बटण काढलं, धुतलं आणि तोंडात ठेवलं. बटण तोंडात असलं की माणूस "नंबर?" आणि "गुरुवारी" एवढंच बोलू शकतो, आणि काउंटरवर तेवढं पुरतं असं त्यांना आढळलं.

गावात लगेच बोभाटा झाला. कोणी म्हणालं दाढ दुखतेय, कोणी म्हणालं लकवा मारून गेला. दोन गिऱ्हाइकांनी दातांच्या डॉक्टरांचे पत्ते दिले. झेरॉक्सवाली मुद्दाम येऊन उभी राहिली आणि आपल्या सुनेने नवा सोफा घेतला त्याचं वर्णन पाऊण तास करत राहिली. काकूंनी ते सगळं बटणावर झेललं. सोफ्याच्या रंगापाशी बटण घशात जाता जाता राहिलं. झेरॉक्सवाली जाताना म्हणाली, किती शांत झालात हो काकू, चेहऱ्यावर तेज आलंय. त्या रात्री काकूंना ताप होता.

घरी यंत्रासमोर धाकटी वाचायची आणि काकू चिठ्ठ्या लिहायच्या. वाचून झालं की धाकटी वर बघायची. काकू खाली बघायच्या. सुरुवातीला ती एकेका प्रसंगाला मिनिट-मिनिट घ्यायची. मग काहीबाही दाबायला लागली. मग एकदा यंत्र चूक म्हणालं तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली की काही चूकबीक नाही, ती बाई बिचारी घाईत असेल. काकूंनी तीनशे बाराच्या जागी तीनशे एकवीस लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी एका वकिलाला डॉक्टरांची पँट गेली.

आणि त्या पँटमुळेच ते घडलं. वकील पँट हातात धरून तावातावाने विचारत होता की माझ्या पोटाचा घेर तुम्हाला एवढा दिसतो का. काकूंच्या तोंडात बटण. काढायला जावं तर याच्यादेखत कसं काढायचं, आणि काढलं तर काय बाहेर पडेल याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. त्यांनी नुसतं "गुरुवारी" म्हटलं. वकील आणखी चिडला. तेवढ्यात पडदा हलला.

धाकटी बाहेर आली. मान लालभडक, हात एप्रनमध्ये गुंडाळलेले. तिने वकिलाकडे बघितलं नाही, पँटकडे बघितलं. म्हणाली, नंबरांची अदलाबदल झालीय, तुमची आत आहे, काळी, डाव्या खिशाचं अस्तर फाटलं होतं ते मी शिवलंय. अस्तर फाटल्याचं वकिलालाच माहीत नव्हतं. धन्यवाद म्हणून आपली पँट घेऊन गेला. जाताना हसला.

तो का हसला असेल, हे धाकटीने आईकडे बघून ताडायचा प्रयत्न केला. काकू बटण चोखत रजिस्टरमध्ये बघत होत्या. तेव्हा धाकटी एप्रनमधून हात सोडवत आपली आपण म्हणाली, "बरा माणूस आहे." आणि पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हाही ती आत गेली नाही.

एकविसाव्या दिवशी काकू आणि धाकटी पुन्हा विद्यापीठात गेल्या. प्रश्नांचा कागद भरून झाला, मग धाकटी त्या खोलीत गेली. दाराला काचेची पट्टी होती. बाहेरच्या बाकावरून काकूंना त्या दोन कोऱ्या चेहऱ्यांची आणि धाकटीच्या पाठीची धूसर आकृती दिसत होती. ऐकू काही येत नव्हतं. पाच मिनिटं झाली, सहा झाली. धाकटीचे हात हलत होते, काहीतरी चोळून दाखवत होते. कोऱ्या चेहऱ्यांतल्या पुरुषाने हळूच आपली बाही उलटून बघितली. त्याला तसं करायची परवानगी नव्हती. नंतर कळलं की ती डागांवर बोलत होती, कुठला डाग गार पाण्याने जातो आणि कुठला गरम पाण्याने कायमचा बसतो, आणि शेवटी तिला थांबवावं लागलं.

ती दुसऱ्या खोलीत सह्या करायला गेली, तेव्हा कागदवाली काकूंपाशी येऊन बसली. एक्क्याण्णवचे बावन्न झाले होते. ऐंशी जणांत एवढं कोणाचं उतरलं नव्हतं. पण तिचा चेहरा आनंदाचा नव्हता. धाकटी शेवटची होती, म्हणून तिच्या वरच्या सरांनी आजच, कोणाला काय दिलं त्याचं बंद पाकीट उघडलं होतं. निम्म्या माणसांना खरं यंत्र दिलेलं, चांगला अर्थ शिकवणारं. निम्म्यांना नुसतंच, अर्धं चांगलं अर्धं वाईट, काही न शिकवणारं. दोन्हींतला फरक बघण्यासाठी. कोणाला कुठलं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"तुमच्या मुलीला नुसतं यंत्र होतं, काकू."

"म्हणजे फसवलंत."

सुरुवातीलाच सांगून सही घेतली होती, असं ती म्हणाली. काकूंना त्या दिवशीचे खिडकीचे पडदे आठवले. निम्म्या अकलेचं कोडं त्यांना आता सुटलं. कागदवाली सांगत होती, खऱ्या यंत्रवाल्यांचं उतरलंय, पण बेताचं. आणि सगळ्यांत जास्त उतरलं ते जिला काहीच दिलं नाही तिचं. एका माणसाने सगळं गणित काही बुडत नाही. पण डाग दिसतो. लोक बोट ठेवणार. तीन वर्षं गेली होती तिची यात. तिने विचारलं की मधल्या काळात दुसरं काही बदललं का. औषध, लग्नाची बोलणी, नवी मैत्रीण, काहीही.

"नाही," काकू म्हणाल्या.

कागदवालीने मान हलवली आणि 'इतर कारणे' असं छापलेल्या रिकाम्या चौकटीत एक आडवी रेघ मारायला पेन टेकवलं. तिच्या बाहीला नवी शाई लागली होती. काकूंनी त्या बाहीकडे बघितलं. गप्प राहिलं की झालं. गावात सांगता येईल की यंत्राने गुण आला. जावई यंत्राला मानतो. कोणाच्या बापाला कळणार नाही. आणि बोललं तर ते कागदावर जाईल, की या पोरीच्या भीतीची आई कोण.

"थांबा," काकू म्हणाल्या. "लिहा. घरात आईने तोंड बंद ठेवलं. एकवीस दिवस."

कागदवालीने पेन उचललं.

"हसलात तर उठून जाईन."

ती हसली नाही. लिहायला लागली. लिहून झाल्यावर काकूंनी कागद ओढून घेतला, डोळ्यांपाशी नेला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. घरातील वातावरणात बदल, असं लिहिलं होतं.

"हे काय? वातावरण पंखा लावला तरी बदलतं. खोडा. मी सांगितलं तेच लिहा. नाव घालू नका, पण गोष्ट माझीच घाला."

कागदवालीने खोडलं आणि काकूंच्या शब्दांत लिहिलं. मग जरा बिचकत विचारलं, त्याआधी तुम्ही काय काय बोलायचात, ते थोडक्यात सांगाल का.

"तेवढा कागद नाही तुमच्याकडे," काकू म्हणाल्या आणि कागद परत दिला.

धाकटी आली. काय लिहून घेत होत्या म्हणून तिने विचारलं. काकूंनी सांगितलं, पत्ता.

दोघी बाहेर पडल्या. इमारती सगळ्या सारख्या, रस्त्याला तीन फाटे. धाकटी थांबली आणि बसथांब्याकडे कुठून जायचं म्हणून तिने आईकडे बघितलं. थोड्या अंतरावर खुर्ची टाकून पहारेकरी बसला होता. काकू खाली वाकल्या. चपलेचा पट्टा घट्ट होता, तरी तो त्यांनी सोडला आणि पुन्हा लावायला घेतला. गुडघा कुरकुरत होता. पट्टा काही केल्या लागेना.

धाकटी थोडा वेळ उभी राहिली. मग तिची पावलं दूर गेली.

काकूंनी वर बघितलं नाही. बोलण्याचा नुसता आवाज येत होता, शब्द नाहीत. पहारेकरी काहीतरी म्हणाला, धाकटी काहीतरी म्हणाली, मग तो हसला. थोड्या वेळाने तीही हसली. तेव्हा कुठे काकूंनी पट्टा अडकवला आणि कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"इकडून," धाकटी येऊन म्हणाली. "मग उजवीकडे वळायचं."

प्राध्यापकांचे कोट पोचवायला काकू वीस वर्षं त्याच रस्त्याने आल्या होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या आणि तिच्या मागून चालू लागल्या.